जेटला हात शेवटी लावा: उभी राहिलेली आरएक्स १०० बाहेर काढताना

पावसाळाभर शेडमध्ये झाकून ठेवलेली यामाहाची आरएक्स १०० दसऱ्याच्या पूजेला चालू हवी असेल, तर आठवडाभर आधी कामाला लागा. आणि पेचकस घेऊन थेट कार्बोरेटरवर तुटून पडू नका. आधी ऑइल, मग हवा, जेट (कार्बोरेटरमधली पेट्रोलची बारीक भोकाची नळी) शेवटी. कार्बोरेटर चुकला तर गाडी मिसिंग मारते, पण ऑइल चुकलं तर पिस्टन जाम होतो आणि बोअरचा खर्च बोडक्यावर बसतो.

नवा प्लग, फ्लोटच्या वाटीचं (कार्बोरेटरच्या तळाशी पेट्रोल साठतं ती) गॅस्केट, कार्ब क्लीनरचा स्प्रे, चांगलं टू-टी म्हणजे टू-स्ट्रोक इंजिनचं ऑइल (डब्यावर जासो एफसी किंवा एफडी लिहिलेलं) आणि वीतभर नवी पेट्रोलची नळी आधीच आणून ठेवा. वाटीच्या स्क्रूंना जेआयएस म्हणजे जपानी मापाचा पेचकस लागतो. साध्या फिलिप्सनं डोकी गुळगुळीत होतात आणि मग छिन्नी-हातोडीची वेळ येते.

या टू-स्ट्रोक गाडीत ऑइलची वेगळी टाकी असते आणि एक पंप ते ऑइल इंजिनला देतो. त्या टाकीत ऑइल दिसतंय म्हणजे ते इंजिनपर्यंत पोचतंय असं समजू नका. टाकीचं हवेचं छिद्र मातीनं बुजलं असेल तर ऑइल खाली उतरत नाही. नळी कडक झाली असेल, कुठे दुमडली असेल, तर बदला. टाकी कधी कोरडी पडली असेल किंवा नळी काढली असेल, तर पंपात हवा शिरलेली असणारच. पंपाचा ब्लीड स्क्रू सोडा, बुडबुडे थांबून नुसतं ऑइल येईपर्यंत वाहू द्या, मग वॉशरसकट घट्ट करा. पंपापासून इंजिनपर्यंतची नळी भरायला इंजिन स्लोवर ठेवून पंपाची केबल हातानं पूर्ण ओढून धरा. धूर वाढला की ऑइल पोचलं. एवढ्या वेळापुरतं पेट्रोलमध्येही लिटरला २५ मिलि टू-टी मिसळलेलं असू द्या, म्हणजे ४०:१.

मग केबल. अॅक्सिलरेटरची केबल खाली दोन ठिकाणी जाते, एक कार्बोरेटरला आणि दुसरी पंपाला. स्लो सेट करताना पहिलीला हात लागतो, दुसरीकडे कुणी बघत नाही. पंपाच्या चाकावर खूण असते; मॅन्युअलप्रमाणे ती पिनशी जुळली पाहिजे.

पहिल्याच किकला गल्ली धुरानं भरली, तर घाबरू नका. उभ्या गाडीत पंपाच्या बाजूच्या झडपेतून ऑइल झिरपून क्रँककेसमध्ये साचतं. प्लग काढा, पेट्रोलचा कॉक बंद करा, दहा-बारा किक मारा. धूर मात्र थांबतच नसेल आणि गिअर ऑइलची पातळी उतरत असेल, तर क्लचकडचं ऑइल सील गेलंय. ते काम पंपाचं नाही.

‘पंप काढूनच टाक, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळ,’ हा सल्ला प्रत्येक कट्ट्यावर मिळतो. मला तो पटत नाही. खंबाटकी उतरताना अॅक्सिलरेटर बंद आणि इंजिन गिअरवर गरगर फिरत असतं, तेव्हा मिश्रणवाल्या गाडीला पेट्रोलच जवळजवळ मिळत नाही, मग ऑइल कुठून मिळणार? पंप इंजिनच्या फेऱ्यांबरोबर फिरतो, थोडं का होईना देतच राहतो. शिवाय ऑइल वाढवलं की त्याच जेटमधून पेट्रोल तेवढं कमी जातं, म्हणजे मिश्रण उलट लीन (पेट्रोल कमी, हवा जास्त) होतं.

हवेची तपासणी सोपी आहे. गाडी स्लोवर असताना कार्बोरेटर आणि सिलिंडरमधल्या रबरावर स्प्रे मारा. आवाज बदलला तर तिथे फट आहे. अॅक्सिलरेटर सोडल्यावरही आरपीएम वर लटकत असेल, तर मॅग्नेटोकडच्या सीलवर संशय धरा.

एवढं झाल्यावर कार्बोरेटर. वाटीतलं जुनं पेट्रोल ओतून द्या. इथेनॉलमुळे ते पाणी धरतं आणि तळाशी हिरवट-पांढरा गाळ बसतो. जेटमध्ये तार घालू नका, भोक मोठं होतं. स्प्रे आणि कॉम्प्रेसरची हवा पुरे. ओव्हरफ्लोच्या नळीतून पेट्रोल गळत असेल तर फ्लोटची पिन बघा. एअर स्क्रू हलक्या हातानं पूर्ण आत फिरवून दीड फेरा बाहेर काढा, तिथून जुळवा. स्लोला अडखळते तर पायलट जेट, मध्यावर अडखळते तर निडलची (जेटमध्ये वरखाली होणाऱ्या सुईची) क्लिप (खाली लावली की पेट्रोल वाढतं), पूर्ण अॅक्सिलरेटरला दम तोडते तर मेन जेट. चोक थोडा ओढल्यावर सुधारली तर पेट्रोल कमी पडतंय, बिघडली तर जास्त होतंय.

शेवटी मोकळ्या रस्त्यावर गरम गाडी पूर्ण अॅक्सिलरेटरला ताणा, क्लच दाबून तिथेच चावी बंद करा आणि प्लग काढून बघा. फिकट तपकिरी हवा. काळा-ओला निघाला तर मेन जेट एक नंबर लहान घ्या. पांढरा निघाला तर नवा जेट आणायला धावण्याआधी ऑइलचा पंप आणि ते रबर पुन्हा एकदा तपासा.