शिफ्ट बदलली, रिमाइंडर तसाच: घरच्या व्यायामात या चुका टाळा

चाकण असो, वाळूज असो की अंबड. एमआयडीसीत फर्स्ट (सकाळ), सेकंड (दुपार), थर्ड (रात्र) अशी शिफ्ट फिरत राहते. व्यायामाचं ॲप मात्र सगळं जग पहाटे उठतं आणि रात्री दहाला झोपतं असं गृहीत धरतं. घोळ तिथूनच सुरू होतो.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे रिमाइंडरला घड्याळाची एकच वेळ देणं. संध्याकाळी पाचची वेळ फर्स्टच्या आठवड्यात जमते. सेकंडला तेव्हा तुम्ही लाइनवर असता. वेळ उठण्याशी जोडा: उठल्यावर, जेवणाआधी वीस मिनिटं. तीन शिफ्टचे तीन अलार्म करून ठेवा आणि साप्ताहिक सुट्टीला त्यातला पुढच्या शिफ्टचा तेवढा चालू करा. रिमाइंडर वाजतच नसेल तर बॅटरी सेटिंग तपासा. बरेच अँड्रॉइड फोन चार्जिंग वाचवायला ॲप मागच्या मागे बंद करतात. त्या ॲपवरचं बंधन काढा. दिवसा झोपताना लावलेला ‘डू नॉट डिस्टर्ब’ उठल्यावर तसाच राहतो, तेही बघा.

दुसरी चूक, ॲपच्या शेऱ्यावर विश्वास ठेवणं. रात्री बाराला तारीख बदलते, थर्डची पावलं दोन दिवसांत विभागली जातात आणि स्ट्रीक, म्हणजे सलग दिवसांची मोजणी, तुटते. काही कारखान्यांत मोबाइल गेटवरच जमा होतो. मग आठ तास उभं राहिलेल्या माणसाला ॲप सुनावतं, ‘आज हालचाल कमी झाली!’ दहा हजार पावलांचा आकडा तरी कुठला? १९६०च्या दशकात जपानमध्ये विकायला आलेल्या पेडोमीटरच्या, म्हणजे पावलं मोजणाऱ्या यंत्राच्या, नावातला. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी आठवड्याचा हिशेब मांडते: १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम आणि किमान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारे प्रकार. ॲपमध्ये सोय असेल तर लक्ष्य आठवड्याचंच ठेवा.

थर्ड करून आल्या आल्या जंपिंग जॅक नकोत. अंग तापतं, झोप यायला उशीर होतो, शिवाय खालच्या मजल्यावरचे काका वर येतात ते वेगळंच. तेव्हा हलकं स्ट्रेचिंग पुरे. आयुष मंत्रालयाच्या ‘वाय-ब्रेक’मधला पाच मिनिटांचा योगही चालेल. जोर-बैठका झोपून उठल्यावर.

थर्डवरून फर्स्टला येताना एक दिवस झोपेचं खोबरं होतंच. त्या दिवशी ॲपने ‘लेग डे’ (पायांच्या व्यायामाचा दिवस) दाखवला तरी खुशाल स्किप दाबा.