पिनच्या तक्त्यात एक रकाना वाढवा

बोर्डाला वीज दिली की पंप क्षणभर गुरगुरून थांबायचा. दर रीसेटला तेच. दोन दिवस मी माझ्याच कोडात चूक शोधत होतो. पंपाचा रिले ओढणाऱ्या मॉसफेटचं (स्विचसारख्या ट्रान्झिस्टरचं) गेट एसटीएम३२एफ१०३ या मायक्रोकंट्रोलरच्या पीबी४ या पिनवर होतं. रीसेटनंतर ही पिन जेटॅगच्या, म्हणजे डीबगिंगच्या जोडणीच्या, ताब्यात असते आणि आतला साधारण ४० किलोओहमचा पुल-अप रेझिस्टर तिला वर खेचून धरतो. माझ्या कोडची पहिली ओळ चालायच्या आत मॉसफेट चालू! गेट आणि ग्राउंडमध्ये १० किलोओहमचा रेझिस्टर लावला, गेटवर जेमतेम ०.६६ व्होल्ट उरले, पंप गप्प.

तेव्हापासून सर्किट काढायच्या आधीच आम्ही दोघं, हार्डवेअरवाला आणि मी, पिनचा तक्ता घेऊन बसतो. पिन, नाव, दिशा हे सगळेच लिहितात. तुम्ही ‘रीसेटपासून इनिटपर्यंत काय’, म्हणजे कोड पिन ताब्यात घेईपर्यंत ती कशी असते, हा रकाना वाढवा. प्रत्येक आउटपुटसमोर नेमकं लिहा: ‘लो, बाहेरच्या १० के मुळे.’ नुसतं ‘ओके’ लिहिलं असेल तर तो रकाना रिकामाच समजा.

सिग्नल कशाने चालू होतो ते नावातच येऊ द्या: पंप_एच (हायने चालू), बझर_एल (लोने चालू). लो-सक्रियसाठी शेवटी ‘एन’ लावायची जुनी सवय आम्ही सोडली, कारण एकाने तो ‘इनेबल’ समजून कोड उलटा लिहिला.

आय-टू-सी या दोन तारांच्या बसवरच्या चिपचा पत्ता कायम सात बिटांचा लिहा, आणि तसं शब्दांत सांगा. एलएम७५ या तापमान सेन्सरच्या तिन्ही पत्ता-पिना ग्राउंडला असतील तर तो हेक्स ४८. चिप बनवणाऱ्या एसटीच्या हॅल लायब्ररीला तोच एक घर डावीकडे सरकवून, म्हणजे हेक्स ९० असा, द्यावा लागतो. ४८ की ९० यावरून भरपूर चहा संपलाय.

रजिस्टरचे फ्लॅग (काही घडल्याची खूण करणारे बिट) ‘१ लिहिल्यावर पुसले जाणारे’ असतील तर ते ठळक लिहा. तिथे सवयीने रजिस्टर वाचून, आपला बिट ‘ऑर’ करून परत लिहिलंत, तर वाचताना जे जे फ्लॅग १ होते ते सगळे पुसले जातात आणि इंटरप्ट गुपचूप हरवतात.

तक्ता कोडच्याच गिटमध्ये, बोर्डाच्या रिव्हिजन क्रमांकासह ठेवा. मेलवर फिरणाऱ्या एक्सेलची ‘फायनल_२’ व्हायला वेळ लागत नाही.

पहिला बोर्ड आला की कोड टाकायची घाई नको. चिप कोरी असतानाच मल्टिमीटर घ्या आणि तो नवा रकाना पिनमागून पिन तपासत टिक करा. पंपाची वायर तेवढी आधी काढून ठेवा.