श्रद्धा डळमळली की आधी वही काढा

देवपूजा तडकाफडकी बंद करू नका आणि भीतीपोटी दुप्पटही करू नका. 40 दिवस एकच नेम ठेवा: रोज 15 मिनिटं, तेच स्तोत्र किंवा नामस्मरण. आसनावरून उठण्याआधी वहीत दोन ओळी: मनात आलेली शंका किंवा अनुभव.

शंका लिहिताना तिचा प्रकार ओळखा, सगळा गोंधळ इथंच होतो. ‘नवस बोलला की काम होतं’ हा दावा तपासता येतो. फळलेला नवसच लक्षात राहतो, म्हणून न फळलेलेही तारखेसह नोंदवा. ‘आरतीत मन निवतं’ हा अनुभव. त्याला पुरावा मागू नका. पण त्यालाच देव असल्याचा पुरावाही समजू नका.

साताऱ्यात श्रद्धेची आणि चिकित्सेची, दोन्ही वाटा जवळ आहेत. सज्जनगडावर समर्थांच्या समाधीपाशी तासभर गप्प बसा. नंतर डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी 1989 मध्ये सुरू केलेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांशी बोला. दोन्ही एकाच आठवड्यात नको, आधीचं मुरू द्या.

घरी आईशी वाद कशाला? नैवेद्य दाखवताना तिच्याशेजारी उभं राहणं म्हणजे ढोंग नव्हे.

अपराधीपणानं झोप किंवा जेवण तुटलं, तर नेम थांबवून डॉक्टरांकडे जा. नाहीतर 40व्या दिवशी वही वाचा आणि पुढच्या फेरीसाठी एकच प्रश्न निवडा.