ट्रकच्या फेरीचा हिशेब किलोमीटरवर नको, दिवसावर मांडा

चाकणहून न्हावा शेवा बंदरात कंटेनर नेणारा गाडीमालक भाडं ठरवताना किलोमीटर मोजतो. नफा मात्र दिवसावर ठरतो, कारण गाडी गेटबाहेर नुसती उभी असली तरी हप्ता, विमा आणि पगार चालूच असतात. पाच-दहा गाड्यांसाठी महागडं सॉफ्टवेअर लागत नाही. एक्सेलची एक शीट आणि तीन महिन्यांची शिस्त पुरते.

एका ओळीत एकच फेरी लिहा: गाडी नंबर, कुठून-कुठे, पार्टी (माल देणारा ग्राहक), वजन, भाडं, डिझेल, टोल, खर्ची (ड्रायव्हरला वाटखर्चाला दिलेले पैसे). त्यापुढे पाच टप्प्यांच्या वेळा लिहा. आधीचा माल कधी खाली झाला, भरायच्या गेटवर गाडी कधी लागली, भरून कधी निघाली, उतरवायच्या गेटवर कधी पोचली आणि खाली कधी झाली. या पाच वेळांवर पुढचं सगळं उभं आहे. फेरी सुरू झाली असं धरायचं ते आधीचा माल खाली झाल्यापासून, माल भरल्यापासून नव्हे. नाहीतर भाड्याची वाट बघण्यात गेलेले तास आणि रिकामी धाव कुठल्याच फेरीच्या नावावर पडत नाही, आणि तोटा नेमका तिथेच लपतो.

वेळा आठवणीतून लिहू नका. ड्रायव्हरने गेटवर पोचताच आणि निघताच व्हॉट्सअ‍ॅपवर एक फोटो टाकावा, वेळ आपोआप नोंदली जाते. पडताळणीला फास्टॅगचं स्टेटमेंट वापरा. त्यात टॅग वाचल्याची वेळ आणि पैसे कापल्याची वेळ वेगळी असू शकते. आपल्याला पहिली हवी. एकाच नाक्यावर दोनदा कापलेला टोलही इथेच सापडतो.

शीट बिघडते ती दोन ठिकाणी. एकच गाडी कधी ‘एमएच १२’, कधी मधे रेघ, कधी सलग अशी लिहिली, की पिव्होट टेबल, म्हणजे एक्सेलमधला गाडीवार बेरजेचा तक्ता, तिच्या तीन गाड्या करतं. आणि ५ जून ही तारीख कॉम्प्युटरच्या अमेरिकन सेटिंगमुळे ६ मे होते. नंबर यादीतूनच निवडायची सोय करा, तारखेत महिना अक्षरात दिसू द्या.

आता हिशेब. समजण्यापुरते आकडे घेऊ. पहिली फेरी: भाडं ३०,०००, डिझेल-टोल-खर्ची मिळून खर्च १८,०००, उरले १२,०००, गाडी ३ दिवस अडकली, म्हणजे दिवसाला ४,०००. दुसरी: भाडं २२,०००, खर्च १३,०००, उरले ९,०००, दीड दिवस, दिवसाला ६,०००. गाडीचा स्थिर खर्च, म्हणजे हप्ता, विमा आणि पगार, महिन्याला ९०,००० असेल तर दिवसाला ३,००० होतो. भागताना ३० ने भागा, २६ ने नको. व्याज रविवारीही चढतं. पहिल्या फेरीत दिवसाला हजार रुपये हाती राहतात, दुसरीत तीन हजार. जास्त भाड्याची फेरी इथे हरली.

हॉल्टिंग, म्हणजे पार्टीच्या गेटवर गाडी अडकून राहण्याचा वेळ, पाहताना सरासरीवर विसंबू नका. एका पार्टीकडे पाच फेऱ्यांत ३, ४, ४, ५ आणि ३१ तास लागले, तर सरासरी येते ९.४, पण चढत्या क्रमाने लावल्यावर मधला आकडा ४ आहे. ती पार्टी वाईट नाही. ३१ तासांच्या त्या एका दिवशी काय झालं ते शोधा. मधलाच आकडा ९ असेल तर मात्र दुखणं रोजचं आहे. पोचायची वेळ कबूल करताना मधला आकडाही धरू नका, कारण निम्म्या फेऱ्या त्याहून उशिरा येतात. २० फेऱ्या वेळेनुसार लावा आणि अठराव्या फेरीला लागलेला वेळ सांगा.

डिझेल टाकी फुल ते टाकी फुल असंच मोजा. मधे अर्धवट भरलं तर ते लिटर पुढच्या फुल टाकीच्या हिशेबात मिळवा. अ‍ॅव्हरेजची, म्हणजे लिटरमागे किती किलोमीटर याची, तुलना एकाच मार्गावर, सारख्या वजनाला करा. बोरघाट चढणाऱ्या भरल्या गाडीला सोलापूर रस्त्यावरच्या गाडीशी ताडून ड्रायव्हरवर चोरीचा आळ घेणं हा सरळ अन्याय आहे. एकदा असं झालं की फोटो येणं बंद होतं आणि शीट मरते.

तीन महिन्यांनी प्रत्येक पार्टीचा आत-बाहेरच्या वेळांचा तक्ता काढा आणि भाडं ठरवायला जाताना तोच समोर ठेवा. ‘पहिले इतके तास मोफत, पुढे तासाला इतके’ असं करारात लिहून मागा. मोफत तास त्यांच्याच तक्त्यातल्या मधल्या आकड्याएवढे ठेवले, तर नाही म्हणणं त्यांना जड जातं.