55 कॅन्क्री ई : छोट्या तप्त ग्रहाचा डेटा हाताळताना या चुका टाळा

कर्क राशीतला 55 कॅन्क्री हा तारा मार्चच्या रात्री महाराष्ट्रातून जवळजवळ डोक्यावर येतो. आकाश खरोखर काळोखे आणि नजर तीक्ष्ण असेल तर दुर्बिणीशिवायही दिसतो. अंतर सुमारे 41 प्रकाशवर्षे. त्याचा सर्वांत आतला ग्रह 55 कॅन्क्री ई ताऱ्यापासून जेमतेम 23 लाख किलोमीटरवर आहे आणि 17 तास 40 मिनिटांत एक फेरी पुरी करतो. तारा तेजस्वी, आवर्तकाल (एका फेरीचा वेळ) छोटा, शिवाय परग्रह शोधणाऱ्या टेस उपग्रहाचा डेटा सगळ्यांना मोफत. म्हणून पायथन ही संगणकभाषा शिकणारी कॉलेजची मुले पहिल्या प्रयोगाला हाच ग्रह घेतात. निवड उत्तमच आहे. अडचण येते ती बहुतेक वेळा पुढच्याच ठिकाणी.

आलेखातल्या सर्वांत उंच शिखरावर विश्वास ठेवणे

डेटात कोणत्या आवर्तकालाची लय किती ठळक आहे ते आलेखात काढतात आणि सर्वांत उंच शिखर म्हणजेच ग्रहाचा आवर्तकाल असे धरून चालतात. ही चूक नवशिक्यांचीच असते असे नाही. हा ग्रह 2004 मध्ये जाहीर झाला तेव्हा त्याचा आवर्तकाल सुमारे 2.8 दिवस सांगितला गेला आणि सहा वर्षे तोच धरला गेला. 2010 मध्ये खगोलशास्त्रज्ञ रिबेका डॉसन आणि डॅनियल फॅब्रिकी यांनी जुनीच मोजमापे पुन्हा तपासली आणि खरा आकडा 0.7365 दिवस असल्याचे दाखवले.

गफलत कशी झाली ते कागदावर करून पाहा. 1 भागिले 0.7365 म्हणजे दिवसाला 1.358 फेऱ्या. जमिनीवरच्या वेधशाळेला तारा फक्त रात्री दिसतो, आणि 23 तास 56 मिनिटांनी तो आकाशात पुन्हा त्याच जागी येतो. म्हणजे आपल्या पाहण्यालाच दिवसाला 1.003 अशी एक लय आहे. ती वजा केली की उरतात 0.355. त्याचा व्यस्त घ्या : 2.82 दिवस. चित्रपटात गाडीची चाके उलटी फिरताना दिसतात, तसाच हा प्रकार. ग्रह वेगाने फिरतोय, पण आपण ठरावीक अंतरानेच डोळे उघडतोय.

उपाय साधा आहे. जमिनीवरून घेतलेल्या वेधांत शिखर सापडले की त्याच्या वारंवारतेत, म्हणजे दिवसाला होणाऱ्या फेऱ्यांत, 1.003 मिळवून आणि वजा करून येणारे आकडेही तपासा. आवर्तकाल शोधताना खालची मर्यादा 1 दिवस ठेवू नका, अर्ध्या दिवसाच्याही खाली जा. वेध स्वतः घेत असाल तर रोज एकाच वेळी घेऊ नका. या एका दुरुस्तीने ग्रहाचे वस्तुमान पृथ्वीच्या 14 पटींवरून 8 पटींच्या आसपास उतरले आणि तो ताऱ्यासमोरून जाताना दिसण्याची शक्यता सुमारे 25 टक्क्यांवर गेली. 2011 मध्ये मोस्ट आणि स्पिट्झर या अवकाश दुर्बिणींनी तो तसा जाताना पकडलाही. डेटा जुना, नजर नवी, आणि एवढा फरक. मला या ग्रहाची ही कथा त्याच्या उष्णतेपेक्षाही मोलाची वाटते.

प्रकाशवक्र सपाट करताना ग्रहच पुसून टाकणे

वेळेनुसार ताऱ्याचा प्रकाश कसा बदलतो त्याचा आलेख म्हणजे प्रकाशवक्र. अधिक्रमणाच्या वेळी, म्हणजे ग्रह ताऱ्यासमोरून जाताना, ताऱ्याचा प्रकाश एक लाखात फक्त 33 भागांनी घटतो आणि ही घट सुमारे दीड तास टिकते. ताऱ्याचे स्वतःचे संथ चढउतार काढून वक्र सपाट करायला पायथनच्या लाइटकर्व्ह लायब्ररीत फ्लॅटन ही आज्ञा आहे. तिची खिडकी, म्हणजे ती एका वेळी बघते तो तुकडा, मुळात 101 बिंदूंची असते. 2 मिनिटांच्या डेटात ती होते जवळपास 3 तास 22 मिनिटे, म्हणजे घसरणीच्या दुपटीहून थोडीच मोठी. मग आज्ञा त्या खळग्यालाच ताऱ्याचा चढउतार समजते आणि बराचसा भरून काढते. «मला काहीच दिसत नाही» असे कुणी म्हटले की मी आधी हा आकडा विचारतो. खिडकी 12 तासांच्या पुढे न्या, म्हणजे 361 किंवा त्याहून मोठी विषम संख्या द्या. त्याहून चांगले म्हणजे अधिक्रमणाचे बिंदू आधी झाकून ठेवा आणि उरलेल्यांवरच वक्र बसवा.

तरीही एकेकटे अधिक्रमण डोळ्यांना दिसेलच असे नाही. टेस आकाशाचा एक भाग, म्हणजे सेक्टर, सलग पाहतो त्या सुमारे 27 दिवसांत ती तीसहून अधिक होतात. एकावर एक रचून सरासरी घेतली की खळगा उमटतो. रचल्यावर मध्यभागी एक आणि अर्ध्या फेरीवर दुसरा तेवढाच खोल खळगा दिसला, तर तुम्ही दुप्पट आवर्तकाल धरला आहे.

घरच्या दुर्बिणीने हे अधिक्रमण टिपायचा हट्ट मात्र सोडा. वातावरणातल्या लुकलुकीत एवढी घट बुडून जाते. सराव करायचाच तर जंबूक तारकासमूहातला एचडी 189733 बी घ्या, तिथे घट 2 टक्क्यांच्या वर आहे.

त्रिज्या आणि घनता घाईत काढणे

खळग्याच्या खोलीतून मिळते ते ग्रह आणि तारा यांच्या त्रिज्यांचे गुणोत्तर, ग्रहाची त्रिज्या नव्हे. तारा सूर्याएवढा धरलात तर ग्रह पृथ्वीच्या 2 पट येतो. ताऱ्याची मोजलेली त्रिज्या, सूर्याच्या 0.94 पट, घातली तर 1.9 पटींच्या जरा खाली. फरक किरकोळ वाटतो, पण घनफळात तो जवळपास 20 टक्के होतो.

पुढची चूक अधिक फसवी आहे. घनता येते घनसेंटिमीटरला साडेसहा ग्रॅमच्या आसपास, पृथ्वीची साडेपाच. म्हणून «यात लोखंड जास्त» असे लिहून मोकळे होतात. पण आठपट वस्तुमानाखाली खडक स्वतःच्याच भाराने दाबला जातो. पृथ्वीसारख्याच घटकांचा एवढा गोळा याहून लहान आणि घट्ट असायला हवा. म्हणजे आकडा उलट दिशेला बोट दाखवतो : इथे काहीतरी हलके आहे.

«हिऱ्यांचा ग्रह» आणि एकच तापमान

2012 मध्ये खगोलशास्त्रज्ञ निक्कू मधुसूदन आणि सहकाऱ्यांनी ग्रहाच्या कार्बनने समृद्ध, हिरे असू शकतील अशा अंतर्भागाची शक्यता मांडली. तिचा आधार होता ताऱ्यात ऑक्सिजनपेक्षा कार्बन जास्त असल्याचे मोजमाप. पुढच्याच वर्षी ताऱ्यातले कार्बन आणि ऑक्सिजनचे गुणोत्तर 0.8 च्या आसपास, म्हणजे 1 च्या खाली आले. हिरे बातम्यांत मात्र अजून चमकतात. लेख लिहिताना ही ओळ उचलू नका.

तापमान देताना ते कसले ते लिहा. स्पिट्झरच्या 2016 च्या नकाशात दिवसाची बाजू सुमारे 2,700 केल्विन होती आणि रात्रीची 1,400 च्या खाली. जेम्स वेब अवकाश दुर्बिणीच्या 2024 च्या निष्कर्षात दिवसाच्या बाजूचा आकडा 1,800 केल्विनच्या आसपास, म्हणजे साधारण 1,525 अंश सेल्सिअस. वातावरण नसलेल्या उघड्या खडकासाठी अपेक्षा याहून बरीच जास्त होती. कार्बन डायऑक्साइड किंवा कार्बन मोनॉक्साइड असलेले वातावरण उष्णता रात्रीच्या बाजूकडे वाहून नेत असावे, आणि ते खालच्या वितळलेल्या खडकातून सतत भरून निघत असावे, असा त्यावरून अंदाज आहे. ग्रहाकडून येणारा अवरक्त प्रकाश वेगवेगळ्या फेऱ्यांत कमीजास्त भरतो, त्यामुळे आकड्याशेजारी तरंगलांबी आणि निरीक्षणाची तारीख दोन्ही टाका.