अक्सुम शिकवायचं तर दोरा घ्या

सातवीच्या पोरांना आफ्रिकेतलं अक्सुम (आजच्या इथिओपियातलं प्राचीन राज्य आणि त्याची राजधानी) शिकवायचं तर आधी आमच्या कोल्हापूरच्या टाऊन हॉल म्युझियममधला, ब्रह्मपुरीला सापडलेला ब्राँझचा पोसायडन, म्हणजे ग्रीकांचा समुद्रदेव, दाखवा. "सर, पंचगंगेकाठी हा परदेशी देव कसा?" असं कुणीतरी विचारतंच. मग नकाशा उघडायचा.

आपल्या किनाऱ्यापासून तांबड्या समुद्रावरच्या अदुलिस बंदरापर्यंत दोरा लावा, तिथं टाचणी. मी पहिल्या वर्षी तो तसाच सरळ अक्सुमपर्यंत ओढला होता, चुकलंच. पुढं घाट आहे, आठ दिवसांची वाट. नाईलपलीकडचा हस्तिदंत याच वाटेनं बंदरात उतरायचा. इकडून सुती कापड, लोखंड, पोलाद जायचं. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक टिपणात तशी नोंद आहे. पोलाद म्हटलं की आमच्या फाउंड्रीवाल्यांची पोरं ताठ बसतात!

ही ये-जा ज्याच्या हातात, तो राजा श्रीमंत. त्यासाठी पुठ्ठ्याची दोन नाणी कापा. सोन्याच्या नाण्यावर ग्रीक अक्षरं, कारण ती परक्या व्यापाऱ्यालाही वाचता यावीत. पहिल्यावर चंद्रकोर काढा, ती जुन्या धर्माची खूण; दुसऱ्यावर क्रूस: चौथ्या शतकात एझाना राजा ख्रिस्ती झाला. मालाबरोबर धर्मही त्याच वाटेनं चढला का, हे पोरांनाच भांडू द्या. तास संपतो, भांडण संपत नाही.