नशिबाचं नाव न घेता नशिबावर शेर कसा लिहावा

प्रेम, महत्त्वाकांक्षा, माणसाचा स्वभाव, दैव हे सगळं एकाच गझलेत येऊ शकतं, कारण गझलेतला प्रत्येक शेर ही दोन ओळींची स्वतंत्र कविता असते. शेरांना बांधून ठेवतात ते वृत्त, काफिया (यमकाचा शब्द) आणि रदीफ (त्याच्यामागून दर वेळी तसाच येणारा शब्द). विषय एकच असण्याची सक्ती नाही. गझलेत निदान पाच शेर हवेत. पण विषय जितका मोठा, तितका शेर पोकळ निघायचा धोका जास्त, म्हणून आधी बांधणी पक्की करा.

वृत्त निवडताना कानात बसलेलंच घ्या. मनाच्या श्लोकांची चाल आपल्याकडे लहानपणीच कानावर पडते. तेच भुजंगप्रयात: लगागा लगागा लगागा लगागा. एका ओळीत 12 अक्षरं, 20 मात्रा. ल म्हणजे लघू, एक मात्रा. गा म्हणजे गुरू, दोन मात्रा. अ, इ, उ, ऋ हे ऱ्हस्व स्वर लघू, बाकीचे गुरू. अनुस्वार असलेलं अक्षरही गुरू. जोडाक्षराच्या आधीचं ऱ्हस्व अक्षर त्यावर आघात येत असेल तरच गुरू होतं. 'गच्ची'तला ग गुरू, पण 'तुझ्या'तला तु लघूच, कारण तिथे जोर पडत नाही. शंका आली की शब्द मोठ्यानं म्हणून बघा.

नवख्यांची गडबड आणखी एका ठिकाणी होते. बोलताना आपण 'लाग्ली' म्हणतो, वृत्तात मात्र ला-ग-ली अशी तीन अक्षरं मोजायची. 'हात' म्हणजे हा आणि त, गुरू-लघू. गुरूच्या जागी दोन लघू घ्यायची सवलत बरेच जण घेतात. पहिल्या दहा गझलांत ती घेऊ नका, कान तयार होत नाही.

आता मतला, म्हणजे पहिला शेर. त्याच्या दोन्ही ओळींत काफिया-रदीफ यावा लागतो, आणि पुढच्या सगळ्या शेरांचा करार तिथेच ठरतो.

कडी लावलेली, कुणी आत नाही
अशी ओसरी पाहिली जात नाही

इथे 'नाही' हा रदीफ, तो बदलत नाही. आत, जात हे काफिये. त्यांतला 'आ' हा स्वर म्हणजे अलामत, तोही बदलत नाही आणि पुढचा 'त'ही नाही. म्हणून हात, वात, घात, अज्ञात चालतील. 'मत' चालणार नाही, स्वर ऱ्हस्व झाला. 'शांत' नाही, मध्ये न आला. 'प्रभात'चा स्वर बरोबर आहे, पण या जागी 'भात'च्या आधीचं अक्षर गुरू लागतं आणि 'प्र' लघू आहे. मतला पक्का करण्याआधी काफियांची यादी करून प्रत्येक शब्द जागेवर बसवून बघा. दहा-बारा बसले तरच पुढे जा. 'अंत' असा काफिया घेतला तर याच वृत्तात खंत, संत, श्रीमंत, हेमंत इथपर्यंत जाऊन गाडी अडते. 'जिवंत' आणि 'उसंत' बसतच नाहीत. मग माणूस काफियासाठी विचार वाकवतो, आणि ते ऐकणाऱ्याला लगेच कळतं.

नशिबावर लिहायला बसलं की हटकून सुचणारी ओळ ही:

नशीबात माझ्या तुझी साथ नाही

म्हणायला गोड आहे, पण हिच्यात तीन दोष आहेत. 'साथ'मध्ये थ आहे, काफिया मोडला. शब्दाचं शुद्ध रूप 'नशिबात', त्यातला शि लघू, म्हणजे वृत्तही मोडलं. वृत्तासाठी शुद्धलेखन बिघडवायचं नाही. तिसरा दोष सगळ्यात जड: ही तक्रार ऐकणाऱ्याला आधीच पाठ आहे.

असं झालं की मोठा शब्द खोडून टाका आणि विचारा: हे घरात, रस्त्यात, हातात कसं दिसतं? सगळं जमून आलं आणि एकच गोष्ट अडली, असं कुठे होतं?

दिवा घासला, तेल आहे पुरेसे
घरी शोधली, नेमकी वात नाही

इथे दैवाचं सगळं काम 'नेमकी' हा एक शब्द करतो. आपण रोजच्या बोलण्यात नशिबाला दोष देतो तो याच शब्दानं.

खालची ओळ आधी लिहावी. काफिया तिथे पडतो, शेराचा जीव तिथे असतो. महत्त्वाकांक्षेवर लिहायचंय आणि 'हात' हा काफिया हाताशी आहे. कोणाचा हात? वर चढणाऱ्याची शिडी ज्यानं खाली धरून ठेवली होती त्याचा. 'तळाशी शिडीला तुझा हात नाही' ही ओळ मिळाली. आता वरची ओळ अशी हवी की तिच्यावरून खालची ओळखता येऊ नये. 'यशाच्या नशेने तुला विसरलो' असं लिहिलं तर गुपित फुटलं, शिवाय 'विसरलो'तले वि, स, र तिन्ही लघू, शेवटचे दोन लगागा कोसळले. वर नुसती घटना ठेवा:

शिडी लागली आणि गच्चीत आलो
तळाशी शिडीला तुझा हात नाही

आता उतरायचं कसं, हा प्रश्न शेरात लिहिलेला नाही, तरी ऐकणाऱ्याच्या मनात येतो. प्रेमाचा शेर वेगळा लिहायची गरजही उरली नाही, 'तुझा'मध्ये ते आलं. मुशायऱ्यात वरची ओळ पुन्हा म्हणतात ती याचसाठी. ऐकणाऱ्यानं खालची ओळ मनात जुळवायला घ्यावी आणि ती चुकावी.

तपासताना खालची ओळ झाकून वरची कुणालातरी ऐकवा. त्यानं काफियासकट ओळ पुरी केली, तर शेर काढून टाका. मग प्रत्येक शेर एकटा म्हणा. आधीच्या शेरावाचून कळत नसेल तर तो कडव्याचा तुकडा आहे. शेवटी गझल आठ दिवस बाजूला ठेवून मोठ्यानं वाचा. जीभ जिथे अडखळेल तिथली लगावली, म्हणजे लघू-गुरूंचा क्रम, पुन्हा मोजा. बहुतेक वेळा तिथे वृत्त भरायला घातलेला 'हा', 'तो' किंवा 'रे' सापडतो. नुसता तो शब्द काढून भागत नाही, ओळ मुळापासून पुन्हा बांधावी लागते.